शिकागोचा भाव आणि गळालेला आकडा

लातूरच्या मोंढ्यात काकांच्या आडतीवर सकाळी बसलं की एक वाक्य ठरलेलं असतं, “शिकागो पडलंय, आज सौदा ढिला जाणार.” शिकागो म्हणजे अमेरिकेतला, सोयाबीनचे वायदे चालणारा बाजार. 2021च्या डिसेंबरात बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने आपल्याकडचे सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे, आज भाव ठरवून केलेले सौदे) थांबवले, तेव्हा नजर तिकडे जाणारच. पण बोलणाऱ्याच्या मोबाइलवरचा भाव ‘आत्ताचा’ नसतो. शिकागोच्या बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसणारे भाव निदान 10 मिनिटं जुने असतात.

ताजा भाव हवा तर पैसे भरून डेटा फीड, म्हणजे भावांचा सतत येणारा प्रवाह, घ्यावी लागते आणि तिला आपलं ॲप जोडावं लागतं. अंतराची फार काळजी नको. शिकागो इथून सुमारे 13 हजार किलोमीटर, आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर धावतो. सरळ रेषेत धरलं तर 65 मिलिसेकंद. खरी अडचण वेगळीच आहे, आणि मला तीच फार आवडते.

मोंढ्यात मापाडी मोठ्यानं मोजतो, “लाभ, दोन, तीन…” मधला आकडा गळाला तर समोरचा शेतकरी तिथंच हात धरतो. बाजाराची मूळ फीडही अशीच मोजत येते. ती यूडीपी पद्धतीनं सुटते, म्हणजे दवंडीसारखी. ऐकलं का, असं कुणाला विचारत नाही, कारण एका मंद श्रोत्यासाठी सगळ्यांना थांबवता येत नाही. म्हणून माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पाकिटावर, क्रमांक असतो. 4171 नंतर 4173 आलं, की 4172 वाटेत पडलं हे कळतं. शिकागोचा बाजार तर तेच पाकीट अ आणि ब अशा दोन वाटांनी पाठवतो. एकीकडे गळालेलं दुसरीकडे सापडतं.

दोन्हीकडे गळालं तर? कोण कुठल्या भावाला घ्यायला-विकायला तयार आहे, त्या भावांच्या पायऱ्यांची पूर्ण यादी फीड दर वेळी देत नाही, फक्त बदल सांगते: तिसरी पायरी पुसा, वर नवी घाला. एक ‘पुसा’ चुकलं की पुढची सगळी यादी खोटी. अशा वेळी ॲपनं नवे बदल बाजूला साठवायचे, अख्ख्या यादीचं चित्र मागवायचं, ते कुठल्या क्रमांकापर्यंतचं आहे ते बघायचं, तिथवरचे साठवलेले बदल फेकायचे आणि उरलेले क्रमानं लावायचे.

घरच्या ॲपला ही फीड थेट मिळत नाही. मधल्या कंपनीकडून, बहुधा वेबसॉकेटनं, म्हणजे इंटरनेटवरच्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीनं, येते. तिथं पाकिटं सहसा गळत नाहीत, पण जोडणीच तुटते. माझ्या पहिल्या ॲपच्या वेळी लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, आणि मी नवे बदल जुन्याच यादीला चिकटवले. पडद्यावर घेणाऱ्याचा भाव विकणाऱ्यापेक्षा चढा! असं असतं तर सौदा केव्हाच झाला असता.

एवढी जोडणी केली की नफा ठरलेला, असं सांगत ‘बॉट’ (आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) विकणारे आणि गुरू वक्री झाला म्हणून सोयाबीन चढवणारे, दोघांनाही दारात उभं करू नये. सेबीच्या 2024च्या अभ्यासात शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शनमधले 93 टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तीन वर्षांत तोट्यात निघाले. फीड भाव सांगते, उद्याचं सांगत नाही.

आता माझं ॲप फीडची ‘हार्टबीट’ही मोजतं. बाजार शांत असला तरी ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असा रिकामा संदेश येतो. तो चुकला की भावाचा रकाना मी कोरा करतो. परवा काकांनी विचारलं, “भाव कुठं गेला रे?” म्हटलं, जोडणी तुटलीय, जुना आकडा दाखवत नाही. त्यांनी मान हलवली आणि तोवर सौदा थांबवून ठेवला.