दमेकऱ्यांच्या मांडीकडेही बघा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की नाशिककडच्या जुन्या दमेकऱ्यांचा खोकला बळावतो. विडी-सिगारेटमुळे किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुरामुळे जडलेला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल, तर घरचे काळजीपोटी म्हणतात, "दम लागतो ना, मग बसून राहा." नुकसान इथेच सुरू होतं.

या आजारात मांडीचे पुढचे स्नायू लवकर झिजतात. बसून राहणं, शरीरातला दाह, कमी ऑक्सिजन, खाताना दम लागल्यामुळे अर्धवट राहिलेलं ताट, अशी कारणं एकत्र येतात. प्राणवायूवर दीर्घकाळ काम करणारे तंतू घटतात आणि लवकर थकणारे वाढतात. मग चार पायऱ्या चढतानाही स्नायूंत लॅक्टिक आम्ल लवकर साचतं, ते निस्तरायला श्वास आणखी वाढतो. फुप्फुस आहे तसंच असूनही दम वाढलेला वाटतो तो यामुळे. कॅनडातल्या 2002 च्या एका अभ्यासात, आजार तीव्र असलेल्या ज्या रुग्णांच्या मांडीच्या मध्यावर स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ 70 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला.

वजनकाट्यावर विसंबू नका. पोट सुटलेलं असतं, वजन ठीक दिसतं आणि पाय मात्र काटकुळे झालेले असतात. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना सांगा.

व्यायामही त्याच खुर्चीवर, डॉक्टरांना विचारून. खुर्ची भिंतीला टेकवा. दम लागल्यावर लगेच आराम देणारा पंप (इनहेलर) डॉक्टरांनी दिला असेल तर तो 15-20 मिनिटं आधी घ्या. उठताना ओठ आवळून श्वास सोडा, बसताना नाकाने घ्या. 8-10 वेळा, मग दम शांत होईपर्यंत थांबा. अशा दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. बहुतेकजण जोर लावताना श्वास कोंडतात. त्याने रक्तदाब चढतो, चक्कर येते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा.

पण नुसत्या पेजेवर आणि मऊ भातावर स्नायू बनत नाहीत. किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात 6, पेलाभर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यांत 6-7 ग्रॅम असतात. कफ होईल या धास्तीने दूध-दही, अंडी सरसकट बंद करणं महागात पडतं. पोट भरलं की दम वाढतो, तेव्हा थोडं थोडं पाच-सहा वेळा खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यात जास्त झीज होते ती दवाखान्यात भरती असताना. अंथरूण आणि स्टेरॉइडच्या गोळ्या, दोन्ही गोष्टी स्नायूंच्या मुळावर येतात. म्हणून घरी सोडतानाच फुप्फुस पुनर्वसनाची, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाच्या आणि श्वासाच्या प्रशिक्षणाची, चिठ्ठी मागून घ्या. पहिल्या चार आठवड्यांत ते सुरू झालं तर पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते.