फुल लाईट मारली की घाट का नाहीसा होतो?

गेल्या ऑगस्टमध्ये बेळगावहून गोव्यातल्या साखळीला परतताना चोर्ला घाटात आम्हाला धुके लागले. संध्याकाळचे सात वाजले होते. गाडी भाचा चालवत होता, मागे माझी आई बसली होती. पुढचा ट्रक दिसेनासा झाला तसा भाच्याने फुल लाईट मारली आणि रस्ताच गेला. बोनेटपुढे कुणीतरी धुतलेला पांढरा पंचा ताणून धरावा तसे झाले. "डिपरवर आण," मी म्हटले. त्याने आणली, आणि डावीकडचा पांढरा पट्टा नि कठड्याचे दगड पुन्हा दिसू लागले. "मामा, उजेड वाढवला तर कमी दिसतं, हे कसं काय?" त्याने विचारले. घाट उतरेपर्यंत मी त्याला उत्तर देत होतो, तरी ते पुरते सांगून झाले नाही.

याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. देवापुढच्या उदबत्तीचा धूर काळ्या भिंतीसमोर, बाजूने उजेड पडत असताना बघा. तो निळसर दिसतो. आता चुलीवरच्या पेजेची वाफ बघा. ती पांढरीशुभ्र असते. दोन्हीकडे हवेत तरंगणारे बारीक कणच आहेत आणि उजेडही तोच आहे. फरक आहे तो कणांच्या आकारात. उदबत्तीच्या धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात. इतके लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि तांबडा कमी. लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये याचे गणित मांडले: तरंगलांबी निम्मी झाली की विखुरणे सोळा पटींनी वाढते. आकाश निळे का, याचेही उत्तर तेच.

पेजेच्या वाफेतले थेंब मात्र या हिशेबाने राक्षसी म्हणावे लागतील. धुक्यातलेही तसेच. धुक्याचा थेंब साधारण 10 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीचा असतो. माणसाच्या केसाच्या जाडीच्या तुलनेत तो बारीकच, पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन, म्हणजे थेंब तिच्या वीस-तीस पट मोठा. एवढ्या मोठ्या गोलाकार थेंबापुढे रॅलेंचा नियम लागूच होत नाही. अशा गोलांचे पूर्ण गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये सोडवले. ते सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे रंग समजून घेत होते, पण त्यांची समीकरणे कुठल्याही गोलाला चालतात. धुक्याच्या थेंबाला ती लावली की कळते, हा थेंब निळा, पिवळा, तांबडा असा भेद करत नाही. सगळ्यांना जवळजवळ सारखेच विखुरतो. म्हणून तर धुके पांढरे असते. रंगाने फरक पडत असता तर आपल्याला रंगीत धुके दिसले असते.

शाळेत आपण पाठ केलेले असते की तांबडा रंग धुक्यात सर्वांत कमी विखुरतो, म्हणून धोक्याचा दिवा तांबडा. विरळ धुराबद्दल हे ठीक आहे. घाटातल्या धुक्याला ते लागू नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक घनमीटर दाट धुक्यात पाणी असते साधारण अर्धा ग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. पोहे खायच्या चमच्याचा तळही त्याने भरणार नाही. मुसळधार पावसात याच्या कित्येक पट पाणी हवेत असते, तरी पावसात रस्ता दिसतो आणि धुक्यात दिसत नाही. कारण तेच पाणी दोन मिलिमीटरच्या थेंबांऐवजी दहा मायक्रॉनच्या थेंबांत वाटले की प्रकाशाच्या वाटेत येणारे एकूण क्षेत्रफळ दोनशे पट होते.

यापुढचा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळी मेख त्यात आहे.

समजा, धुके असे आहे की 50 मीटरपलीकडचे काही दिसत नाही. अशा धुक्यात सरळ जाणारा प्रकाश साधारण दर 9 मीटरला निम्मा होतो. 27 मीटरवर एक म्हैस उभी आहे. आपल्या दिव्याचा प्रकाश तिच्यापर्यंत जाताना तीनदा निम्मा होतो, म्हणजे आठवा हिस्सा उरतो. म्हशीवरून परत येताना पुन्हा आठवा. एकूण चौसष्टावा हिस्सा, आणि म्हैस काळी म्हणून त्यातलाही थोडाच. आता गाडीपुढच्या पहिल्या पाच-सात मीटरांत काय चालले आहे ते बघा. तिथला प्रत्येक थेंब बहुतेक प्रकाश पुढेच ढकलतो, शंभरातले जेमतेम काही भाग मागे फेकतो. पण एका घनमीटरात असे कोट्यवधी थेंब आहेत आणि ते आपल्या नाकासमोर आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशाला लांबची वाट तुडवावी लागत नाही, तो थेट डोळ्यांत येतो. हाच तो पांढरा पंचा.

डोळ्याला वस्तू दिसते ती निव्वळ उजेडामुळे नव्हे, मागच्या-पुढच्या उजेडातल्या फरकामुळे. दिवा दुप्पट प्रखर केला तर म्हशीकडून येणारा प्रकाश दुप्पट होईल हे खरे, पण पंचाही दुप्पट उजळेल. दोघांचे प्रमाण होते तेच राहील. महागडा दिवा बसवून धुके भेदता येत नाही, ते याच कारणाने. फुल लाईटने तर परिस्थिती बिघडते. डिपरचा प्रकाश वरून कापलेला असतो, रस्त्याकडे झुकतो. फुल लाईटचा झोत आपल्या नजरेच्या रेषेला जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे नजर जिथून जाते तिथलेच सगळे थेंब पेटतात.

फॉग लाईटचे शहाणपण प्रखरतेत नाही, जागेत आहे. ती बंपरमध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवतात. तिचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी. ड्रायव्हरचे डोळे सव्वा मीटर उंचीवर, झोत खाली रस्त्यालगत, त्यामुळे मधले बरेचसे धुके अंधारात राहते. दिसते ते फक्त जवळचे: रस्त्याची कड, पांढरा पट्टा, वळणावरचा दगड. लांबचे दाखवणे हे तिचे काम नव्हे. म्हणून फॉग लाईट लागली की वेग वाढवायचा नसतो. ओल्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक सुचण्यापासून थांबेपर्यंत साधारण 29 मीटर घेते, 20 ने जाणारी 11 मीटर. आपली म्हैस 27 मीटरवर आहे.

मग पिवळी फॉग लाईट? तिची परंपरा जुनी आहे. फ्रान्सने तर 1936 च्या कायद्याने मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच हवेत असे ठरवले आणि ती सक्ती 1993 पर्यंत चालली. पिवळ्या काचेमुळे निळा भाग गळतो, आणि निळसर झगमगाट डोळ्यांना जास्त बोचतो, त्यामुळे पिवळ्याने जरा सुसह्य वाटते. एवढेच. "पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो" हे आकाशाचे गणित धुक्याला लावणे झाले. म्हापशाच्या एका दुकानात मला "धुके फाडणारे" म्हणून निळसर पांढरे एलईडी बल्ब दाखवले होते. जुन्या हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात असा बल्ब घातला की झोताची कापलेली कड बिघडते आणि उजेड भलतीकडे सांडतो. असल्या जाहिरातीवर पैसे घालवू नयेत.

घाटात आणखी एक गोष्ट घडली. आमच्यामागे एक गाडी फुल लाईट लावून आली आणि समोरच्या धुक्यात काळी आकृती उभी राहिली, झाडाएवढी, डोकी असलेली, आमच्याबरोबर चालणारी. आईने हात जोडले. "देवचार," ती हळूच म्हणाली. गावाची वेस राखणाऱ्या देवचारावर तिची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण ती आकृती आमच्याच गाडीची सावली होती. भिंतीवर सावली एका पातळीत पडते, धुक्यात मात्र ती जवळच्या थेंबांपासून लांबच्या थेंबांपर्यंत खोल पसरते आणि डोळा अंतर चुकवतो, म्हणून ती अवाढव्य वाटते. जर्मनीतल्या ब्रॉकेन डोंगरावर लोकांना अशीच सावली दिसायची. तिचे वर्णन योहान झिल्बरश्लाग यांनी 1780 मध्ये केले आहे. असे काही दिसले म्हणून घाबरून अचानक ब्रेक मारला तर खरा धोका मागच्या गाडीचा. आईला मी हे सांगितले, आणि भाच्याला ब्रेकवर हलका पाय ठेवायला लावून सावलीचे हलणे दाखवले.

धुके नसतानाचा फुल लाईटचा त्रास वेगळा, पण मूळ तेच. समोरून झोत आला की डोळ्यातले भिंग आणि पारदर्शक पडदा तो थोडासा विखुरतात आणि डोळ्याच्या आतच पांढरा पंचा तयार होतो. वयाबरोबर भिंग गढूळ होते, म्हणून साठीनंतर हा त्रास वाढतो. या पंचाची दाटी झोत आणि नजर यांतल्या कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. नजर दिव्यापासून दुप्पट कोनात हटवली की पंचा चौथाईवर येतो. समोरचा डिपर देत नसेल तर डाव्या कडेचा पट्टा बघत जावे, त्यामागे हे गणित आहे. गोव्याच्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या निर्मनुष्य रस्त्यावर, जिथे दिवे नाहीत आणि रात्री गुरे बसलेली असतात, तिथे फुल लाईट जरूर लावावी. समोर कुणी दिसले की लगेच उतरवावी.

डिपरही सरळ हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. आमची डिकी बेळगावच्या खरेदीने गच्च भरली होती. मागचा भाग बसला की पुढचे दिवे वर बघतात. एक अंश कल गेला तरी 25 मीटरवर झोत 44 सेंटिमीटर वर जातो. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे 0 ते 3 आकड्यांचे छोटे चाक असते, ते याचसाठी. ते फिरवलेला माणूस मी क्वचित पाहिला आहे. आम्ही त्या दिवशी ते 2 वर आणले.

खाली केरीत पोचलो तेव्हा धुके संपले होते आणि पाऊस लागला होता. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो: आपला उजेड आपल्याकडे परतवत नाही, पुढे समोरच्याच्या डोळ्यांत पाठवतो. रस्त्यालगत पसरणारी फॉग लाईट यात सर्वांत पुढे. मी सांगायच्या आधीच भाच्याने ती बंद केली.