साडेचार इंचांत पिस्तूल बसवायचं म्हणजे

एक रुपयाचं नवं नाणं, २०१९ नंतरचं, तळहातावर ठेवून बघा. वजन तीन ग्रॅमच्या जरा वर. पॉइंट २५ एसीपी नावाच्या काडतुसातली गोळीही साधारण तेवढीच, ३.२ ग्रॅम, आणि अख्खं काडतूस उभं केलं तरी उंची फक्त २३ मिलिमीटर. ते ज्या पिस्तुलासाठी बनवलं ते बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९०५ सालचं वेस्ट पॉकेट मॉडेल, लांबी ११४ मिलिमीटर म्हणजे साडेचार इंच, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्या मोबाइलपेक्षा बरंच आखूड. वेस्ट म्हणजे कोटाच्या आतलं जाकीट, त्या काळी साहेब लोक ज्यात चेनचं घड्याळ ठेवायचे त्याच खिशात हे जावं असा हिशोब.

डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, माणूस अमेरिकेतल्या युटाहमधल्या ऑग्डनचा, पण त्याची बरीच पिस्तुलं बनली बेल्जियममध्ये, लिएजजवळच्या एर्स्ताल गावातल्या एफएनच्या कारखान्यात. अमेरिकेत तेच पिस्तूल कोल्ट कंपनीने १९०८ पासून काढलं आणि चाळीस वर्षांत चार लाखांहून जास्त विकलं.

आधीच सांगतो, मी मशीनवाला माणूस आहे, माझ्याकडे शस्त्रपरवाना नाही आणि मला हवाही नाही. मला यात मजा वाटते ती एकाच गोष्टीची. आपल्याला वाटतं आधी काडतूस ठरतं मग त्याच्या मापाचं पिस्तूल बनतं, इथे उलटं झालं, खिसा आधी ठरला, खिशावरून स्लाइडचं, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या लोखंडी भागाचं, वजन ठरलं आणि स्लाइडच्या वजनावरून काडतूस ठरलं.

कसं ते बघू. या पिस्तुलाची पद्धत ब्लोबॅक, सगळ्यात साधी. नळी फिक्स, मागून स्लाइड नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली, कुठेही लॉक नाही, कडी नाही की खटका नाही. दारू पेटली की गॅस गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच वेळी पुंगळीच्या बुडातून स्लाइडला मागे. मग ती गोळी बाहेर पडायच्या आतच उघडून गरम गॅस तोंडावर का येत नाही? कारण स्लाइड जड आहे, बस्स. समजा स्लाइड दीडशे ग्रॅमची धरली तर ती गोळीच्या जवळपास ४७ पट जड झाली, म्हणजे न्यूटनच्या हिशोबाने गोळी नळीत चार सेंटिमीटर पळेपर्यंत स्लाइड जेमतेम एक मिलिमीटर सरकते, आणि हे सगळं अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आटपतं. तोवर गोळी गेलेली असते, प्रेशर उतरलेलं असतं, आणि स्लाइड तिला मिळालेल्या वेगावर निवांत मागे जाऊन रिकामी पुंगळी फेकते आणि परत येताना नवीन काडतूस आत ढकलते. लोकांना वाटतं स्प्रिंगच सगळं धरून ठेवते, पण त्या क्षणी स्प्रिंगचा वाटा अगदी कमी, खरं काम वजनाचं.

आता याच पद्धतीत नेहमीचं ९ एमएम पॅराबेलम घालून बघा. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटर, म्हणजे संवेग जवळजवळ चौपट. स्लाइडही चौपट जड करा, एकटी स्लाइडच सहाशे ग्रॅमकडे गेली, आता ठेवा जाकिटाच्या खिशात! म्हणून काडतूसच बारीक करावं लागलं.

बारीक म्हणजे किती कमजोर? गोळीचा वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास, ऊर्जा काढली तर साधारण ८५ ज्यूल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या बॉलची ऊर्जा १२० ज्यूल येते. हो, बॉलची जास्त! मग बॉल बरगडीवर बसला तर काळं-निळं होतं आणि ही गोळी जीव घेऊ शकते, असं का? कारण बॉल तीच ऊर्जा सव्वाशे-दीडशे पट मोठ्या तोंडाने आणतो, गोळीचं तोंड फक्त ३२ चौरस मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ऊर्जेचा आकडा एकटा बघून काही कळत नाही, ती किती जागेत उतरते ते बघावं लागतं. तरी ज्यांचा यावर जीव टांगलेला असतो त्यांचं म्हणणं असं की ही गोळी अंगावर येणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवेलच असा भरवसा नाही, म्हणून अमेरिकेतले पोलीस असलं पिस्तूल घोट्याला किंवा खिशात ठेवतात ते बॅकअप म्हणून, कमरेचं मोठं पिस्तूल अडकलं किंवा हातातून गेलं तर. आणि छोटं म्हणजे खेळणं असंही कोणी समजू नये. २८ जून १९१४ ला साराएवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येत वापरलेलं एफएनचं १९१० मॉडेल याच कुळातलं, ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये वापरलेलं बेरेटाही खिशात मावणाऱ्यांपैकीच.

मग पॉइंट २२ का नाही घेतलं, ते तर स्वस्त आणि कुठेही मिळणारं, एवढ्याशा नळीतून जोरही जवळपास सारखाच? कारण पॉइंट २२ ची पेट घेणारी टोपी वेगळी नसते, तो मसाला पुंगळीच्या कडेच्या गोल घडीत पसरलेला असतो, कुठे कमी पसरला आणि पिन नेमकी तिथेच आपटली तर नुसता ‘टक’. पॉइंट २५ ला मध्यभागी वेगळी टोपी आहे, तिथे हा प्रकार फार कमी होतो. शिवाय पॉइंट २२ ची कड बाहेर आलेली असल्याने मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या डबीत, काडतुसं एकमेकांत अडकतात. कड अडकायची ही खोड पॉइंट ३२ मध्येही थोडी आहे, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की झालं, मॅगझिन जाम.

या बारीक करायच्या नादाचं टोक बघायचं असेल तर कोलिब्री बघा. ऑस्ट्रियातला फ्रान्झ फानल हा घड्याळजी, त्याने १९१४ मध्ये २.७ मिलिमीटरचं पिस्तूल बाजारात आणलं. गोळी ०.२ ग्रॅमची, ऊर्जा ४ ज्यूल, म्हणजे दारूचं काडतूस असूनही जोर छर्ऱ्याच्या एअरगनपेक्षा कमी. एवढ्या बारीक नळीत आटे पाडायचं तंत्रच तेव्हा नव्हतं म्हणून नळी आतून गुळगुळीत, गोळी फिरणार नाही त्यामुळे नेम कुठला लागायला! साधारण हजार बनली, आज संग्राहक त्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजतात. घड्याळजीची करामत म्हणून मानलं, बाकी उपयोग शून्य.

छोट्या पिस्तुलाची अजून एक पंचाईत म्हणजे काडतूस चढवायला स्लाइड मागे ओढणं. स्लाइड हलकी ठेवायची तर ती थोपवायला स्प्रिंग कडक लागते, वर बोटांच्या चिमटीत धरायला जागा नाही, त्यामुळे म्हाताऱ्या किंवा अशक्त हातांना पहिलं काडतूस चढवताच येत नाही. बेरेटाने ९५० मॉडेलमध्ये यावर भारी तोड काढली, एक खटका दाबला की नळीचं मागचं टोक टपकन वर उचलतं, त्यात बोटाने काडतूस ठेवायचं आणि नळी परत दाबायची, स्लाइडला हात लावायचं कामच नाही. त्याहून गंमत म्हणजे या पिस्तुलात पुंगळी ओढून काढणारी नखी नाहीच, उरलेल्या गॅसच्या जोरावर पुंगळी स्वतःच मागे उडते. अर्थात काडतूस फुसकं निघालं तर गॅसच नाही, मग नळी उचलून काढा हाताने.

खरा बदल आला १९९९ मध्ये, फ्लोरिडाच्या केल-टेक कंपनीचं पी-३२. त्यांनी पॉइंट ३२ सारख्या काडतुसाला चक्क लॉक लावलं, म्हणजे नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकत्र मागे येतात, प्रेशर उतरलं की नळी खाली झुकते आणि दोघांची ताटातूट होते. ही कल्पनाही मुळात ब्राउनिंगचीच, मोठ्या लष्करी पिस्तुलांसाठी केलेली. आता स्लाइड जड ठेवायची गरज उरली नाही, प्लास्टिकची बॉडी घेतली आणि रिकाम्या पिस्तुलाचं वजन १९० ग्रॅमच्याही आत आलं. फुकट काही मिळत नाही पण. पिस्तूल हलकं झालं म्हणून गोळीचा धक्का कुठे जाणार, तो हातातच येतो, आणि भरलेलं छोटं पी-३२ मोठ्या लोखंडी ९ एमएमपेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने मागे झटकतं. पकडायला दोनच बोटं. ज्यांनी चालवलंय ते सांगतात की खिशात गोड वाटतं, हातात नाही.

कायद्यानेही या पिस्तुलांना आकार दिलाय. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात बाहेरून येणाऱ्या पिस्तुलांना मापावरून गुण द्यायची पद्धत आली, जेवढं छोटं तेवढे गुण कमी. एफएनच्याच बेबी ब्राउनिंग या छोट्या पॉइंट २५ पिस्तुलाची आयात बंदच झाली, आणि जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचं पीपीके एका गुणाने नापास झालं. एका गुणाने! तर वॉल्थरने पीपीकेची स्लाइड मोठ्या भावाच्या, पीपीच्या, बॉडीवर बसवली आणि पीपीके/एस म्हणून पास करून घेतलं.

आपल्याकडे विषय वेगळाच. १९५९ चा शस्त्र कायदा, परवान्याशिवाय हात लावायचा नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं. कानपूरची २०१४ ची ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर पॉइंट ३२ ची, वजन ५०० ग्रॅम, म्हणजे वेस्ट पॉकेटपेक्षा दीडशे ग्रॅमने जड. जुन्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का दिसला तर ती आपल्या पुण्याच्या खडकीची, १८६९ पासूनचा कारखाना आहे तो.

संग्राहकांकडून मला आवडलेली गोष्ट म्हणजे रंग ओळखणं. पिस्तुलाचा काळा-निळा रंग हा पेंट नसतो, तो लोखंडाच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो, एक प्रकारचा शिस्तीत लावलेला गंज. पिना आणि स्क्रूवर दिसणारा मोरपंखी निळा वेगळा, पोलाद ३०० अंशाजवळ तापवलं की वर इतका पातळ थर येतो की प्रकाश त्यात आपल्याशीच खेळून निळा दिसतो, साबणाच्या फुग्यासारखं. आणि रंग परत चढवलेलं पिस्तूल कसं ओळखायचं, तर ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं आणि त्यावर कोरलेल्या कोल्टच्या घोड्याच्या चिन्हाकडे, अक्षरांकडे बघायचं. रंग चढवायच्या आधी पॉलिश मारावंच लागतं, आणि पॉलिशच्या चाकाने अक्षरांच्या कडा झिजतात, भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. वरून रंग कितीही नवा असू दे, ‘कोल्ट’ची कड बोटाला गुळगुळीत लागली की किंमत निम्म्यावर आणून बोलायला सुरुवात करतात.