चक्रीवादळातील वारे

चक्रीवादळाच्या केंद्राशी हवेचा दाब भोवतालपेक्षा बराच कमी असतो, म्हणून समुद्रालगतची दमट हवा चहूबाजूंनी तिकडे धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. दक्षिण गोलार्धात फेरा उलटा. (नाशिकच्या शिवारात उन्हाळ्यात उठणारी वावटळ मात्र कोणत्याही दिशेने फिरते. तेवढ्याशा आकारावर परिवलनाचा परिणाम नगण्यच.)

पाण्याशी घासून वारा मंदावला की दाबाची ओढ वरचढ ठरते, आणि वारा नुसता गोल न फिरता आत आत सरकतो. फेरा लहान होत जातो तसा वेग वाढतो. गोदावरीच्या पुरात भोवऱ्यात सापडलेली काडीही मध्याशी अशीच गरगरते. सर्वांत जोराचे वारे ‘डोळ्या’भोवतीच्या, म्हणजे केंद्रातल्या शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत आणि तिथेही अर्धा ते एक किमी उंचीवर असतात. या भिंतीत हवा वर चढते. बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी उचलते, केंद्रातला दाब आणखी घटतो आणि खालून नवी हवा ओढली जाते. सुमारे 12 ते 16 किमी उंचीवर ही हवा बाहेर पसरते.

थोडी हवा डोळ्यात खाली उतरते. दाबली जाऊन ती तापते, ढग विरतात. साधारण 30 ते 65 किमी रुंदीच्या या भागात वारा जवळजवळ पडतो, आणि हीच वादळातली सर्वांत फसवी वेळ: काही वेळाने भिंतीची दुसरी बाजू येते, तीही उलट दिशेच्या वाऱ्यासह. वादळ सरले असे समजून तेव्हा घराबाहेर पडणे जिवावर बेतू शकते.

जमिनीवर बाष्पाचा पुरवठा तुटतो, घर्षण वाढते. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे सरकताना असेच क्षीण होत गेले. नाशिक जिल्ह्याला वारा-पाऊस लागला, पण किनाऱ्यावरचा तडाखा नव्हे.

केंद्र कुठे आहे हे वाऱ्यावरूनच कळते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की कमी दाब डाव्या हाताला असतो. ईशान्येकडे जाणाऱ्या वादळाचे केंद्र नाशिकच्या आग्नेयेकडून गेले, तर पूर्वेचा वारा ईशान्येचा आणि मग उत्तरेचा होतो. वायव्येकडून गेले, तर तो दक्षिणेचा होतो.