एमएसचे निदान आणि ‘काळ’ नावाची अट

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूत जागोजागी इजा करणाऱ्या आजाराच्या निदानाचे सुधारित निकष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘काळातील विखुरलेपणा’, म्हणजे इजा वेगवेगळ्या वेळी झाल्या हे, सिद्ध करण्याची सक्ती उठली. न्यूरॉलॉजीत क्वचितच एखाद्या शब्दाने इतका घोळ घातला असेल.

सुरुवातीला काळाचा प्रश्नच नव्हता. १८६८ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानांत तीन खुणा सांगितल्या गेल्या: बुबुळांची थरथर, वस्तू घ्यायला हात पुढे केला की येणारा कंप आणि तुटक बोलणे. तिन्ही एकत्र दिसेपर्यंत आजार बहुधा बराच पुढे गेलेला असे. पुढे रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून नजर धूसर होते का, हात-पाय लुळे पडतात का, हे पाहण्याची पद्धतही रूढ झाली. ती विसाव्या शतकात बरीच वर्षे टिकली, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

अट कागदावर पक्की झाली ती १९६५ मध्ये. कमीत कमी दोन झटके (लक्षणे उफाळण्याचे प्रसंग), प्रत्येक किमान २४ तासांचा, मध्ये महिन्याचे अंतर आणि इजा मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या भागांत. शिवाय नुसती तक्रार पुरेशी नाही, तपासणीत दोष सापडायला हवा. म्हणजे डॉक्टरांच्या हाती हातोडी, टॉर्च आणि वाट पाहणे. १९८३ च्या निकषांनी पाठीतल्या पाण्याची (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची) तपासणी आणि डोळ्यांपासून मेंदूपर्यंत संदेश किती वेळात पोहोचतो याची चाचणी अधिकृतपणे आत घेतली, तरी घड्याळ झटक्यांचेच राहिले.

घाई आली औषधांमुळे. १९९३ मध्ये अमेरिकेत पहिल्या बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि दुसऱ्या झटक्याची वाट पाहणे परवडेनासे झाले. २००१ मध्ये त्या झटक्याच्या जागी एमआरआयवरचा नवा डाग, म्हणजे इजेची खूण, चालू लागला. २०१० मध्ये तर एकच स्कॅन पुरेसा ठरला. काही डाग स्कॅनआधी टोचलेले रंगद्रव्य शोषतात, काही नाही; म्हणजे काही ताजे, काही जुने, झाला काळ सिद्ध. याच वेळी झटके येत-जात राहणाऱ्या एमएससाठी पाठीतल्या पाण्याला निकषांबाहेर काढले गेले आणि कमरेत सुई घालणे टाळायला सबळ कारण मिळाले.

मग २०१७ मध्ये पाणी परत आले, आणि तेही भलत्याच दाराने. पहिलाच झटका, डाग योग्य त्या जागी विखुरलेले, आणि पाण्यात ऑलिगोक्लोनल पट्टे (चाचणीत दिसणारे अँटिबॉडींचे पट्टे): एवढ्यावर एमएस म्हणता येऊ लागले. पट्टे काळाच्या अटीची जागा घेणार होते. पण पट्टे काळाबद्दल काय सांगतात? काहीच नाही. पाणी आणि रक्त शेजारी शेजारी तपासायचे. जे पट्टे पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, ते मज्जासंस्थेच्या आतच अँटिबॉडी तयार होत असल्याचे दाखवतात. केव्हापासून, ते कळत नाही. शिवाय असे पट्टे न्यूरोसिफिलिसमध्ये आणि गोवरानंतर वर्षांनी उद्भवणाऱ्या मेंदूच्या आजारातही दिसतात. निकष लिहिणाऱ्यांनीच मान्य केले होते, की पट्टे म्हणजे काळाचा पुरावा नव्हे, त्याचा पर्याय आहे.

या निर्णयामागे कारण होते: पट्टे असलेल्यांना दुसरा झटका येण्याची शक्यता जास्त असते. पण हे भाकीत झाले, पुरावा नव्हे. उपचार लवकर सुरू झाले, हा फायदा खराच. मात्र भाकिताला पुराव्याच्या रकान्यात बसवायचे, तर किमान रकान्याचे नाव तरी बदलायला हवे होते. त्यातच हे निकष नेमक्या लक्षणांच्या रुग्णासाठी आहेत, ही ओळ वाचायची अनेकदा राहून जाते. मग मायग्रेनच्या रुग्णाचे पांढरे ठिपकेही एमएसच्या खात्यात जमा होतात.

निकाल लावणारी रक्तचाचणी २००४ मध्ये आली खरी, पण ती शेजारच्या आजाराची. ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीने न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा आजार एमएसपासून वेगळा काढला. एमएसला स्वतःची अशी चाचणी अजून नाही.

नव्या निकषांत डोळ्याची नस इजा मोजण्याची पाचवी जागा म्हणून आली, डागाच्या मधोमध दिसणारी शीर ग्राह्य धरली गेली आणि पट्ट्यांच्या जोडीला पाण्यातल्या कॅपा फ्री लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे सुटे तुकडे, आल्या. पट्टे मोजायला सरावलेली नजर लागते, लाइट चेनचे उत्तर यंत्र आकड्यात देते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये डाग सापडले आणि तक्रार एकही नाही, अशा माणसालाही काही ठरावीक परिस्थितीत आता एमएस म्हणता येते. त्याला औषध केव्हा द्यायचे, यावर न्यूरॉलॉजिस्टांचे एकमत नाही.