कोरम सेन्सिंग रोधके

जिवाणू एकमेकांना रासायनिक निरोप देऊन आपण किती जण आहोत याचा अंदाज घेतात. या निरोपांत अडथळा आणण्यासाठी प्रयोगशाळेत रचलेल्या रेणूंना कोरम सेन्सिंग रोधके म्हणतात. प्रतिजैविक जिवाणूला मारते किंवा त्याची वाढ थांबवते. रोधक त्याला जगू देते, पण इतरांची चाहूल लागू देत नाही.

कोरम म्हणजे काय, हे सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. ठरलेले सभासद हजर असल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. जिवाणूंचेही तसेच असते. प्रत्येक पेशी थोडा थोडा संदेशरेणू बाहेर सोडत राहते. पेशी एकटीदुकटी असेल तर तो आजूबाजूच्या पाण्यात विरून जातो. गर्दी झाली की तो साठतो, पेशीतल्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो आणि डझनावारी जनुके एकदम चालू होतात. विष, ऊती पोखरणारी विकरे, जैवपटलाचा चिकट थर अशी सगळी तयारी तेव्हा सुरू होते. यात जिवाणूचा फायदा उघड आहे. मोजक्या पेशींनी आधीच विष सोडले, तर शरीराच्या रक्षक पेशी सावध होतील आणि त्या मोजक्यांचा फडशा पाडतील.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती उजेडामुळे. व्हिब्रियो फिशेराय हा समुद्री जिवाणू हवाई बेटांजवळच्या एका छोट्या स्क्विडच्या प्रकाश-अवयवात दाटीने राहतो आणि तिथे चमकतो. मोकळ्या समुद्रात विखुरलेला असताना चमकत नाही. (कोकण किनाऱ्यावर कधीकधी रात्री दिसणाऱ्या निळ्या लाटा याच्या नव्हेत, त्या नॉक्टिल्युका या एकपेशीय सजीवाच्या. तो जिवाणू नाही.) केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये दाखवले की हा जिवाणू स्वतःच सोडलेला एक पदार्थ पुरेसा साठल्यावरच प्रकाश देऊ लागतो. त्या पदार्थाची रचना 1981 मध्ये उलगडली. ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मात्र 1994 चे, फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांच्या लेखातले.

ग्रॅम या रंगचाचणीवरून जिवाणूंचे ग्रॅम-धन आणि ग्रॅम-ऋण असे दोन मोठे वर्ग पाडतात. अनेक ग्रॅम-ऋण जिवाणूंचा संदेशरेणू एकाच घडणीचा असतो. त्याला ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन म्हणतात. डोक्याशी पाच अणूंचे लॅक्टोन वलय आणि मागे कार्बनची शेपूट, अशी त्याची ठेवण. डोके बहुतेकांचे सारखेच; ओळख पटते ती शेपटीवरून. शेपटीत सामान्यतः 4 ते 18 कार्बन असतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा रुग्णालयांत आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसांत ठाण मांडणारा जिवाणू असे दोन रेणू वापरतो, एक 12 कार्बनचा आणि एक 4 कार्बनचा. शिवाय क्विनोलोन घराण्यातला तिसरा निरोप वेगळाच.

रसायनशास्त्रज्ञाचे काम इथून सुरू होते. ग्राही प्रथिनाच्या खोबणीत बसेल इतका मूळ रेणूसारखा, पण बसल्यावर प्रथिनाला कामाला लावणार नाही इतका वेगळा रेणू घडवायचा. म्हणायला सोपे, करायला फार अवघड. शेपटीच्या टोकाला वलय जोडले, त्या वलयावर क्लोरीन किंवा ब्रोमीनचा अणू बसवला, की रोधकाचे कधीकधी चालकच, म्हणजे ग्राहीला कामाला लावणारा रेणूच, होऊन बसते, आणि उलटही घडते. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात हेलन ब्लॅकवेल यांच्या गटाने असे रेणू मोठ्या संख्येने बनवून कोणता बदल कोणत्या ग्राहीला कसा लागू पडतो हे तपासले. या क्षेत्रातले हे सर्वांत चिकाटीचे काम म्हणावे लागेल.

क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. हा जिवाणू गर्दी जमली की व्हायोलेसिन नावाचे जांभळे रंगद्रव्य तयार करतो. त्याचा सीव्ही 026 हा उत्परिवर्तित वाण स्वतः निरोप तयार करू शकत नाही, पण बाहेरून दिलेला ओळखतो. त्याला 6 कार्बनच्या शेपटीचा संदेशरेणू मिसळून अगारच्या थाळीत वाढवले, तर सकाळपर्यंत थाळी जांभळी होते. थाळीत छोटा खळगा पाडून त्यात तपासायचा रेणू घातला, तर खळग्याभोवती फिकट कडे उमटते. ते कडे नीट निरखावे लागते. ते दुधाळ असेल तर जिवाणू वाढले आहेत, फक्त रंग बनवत नाहीत: हा रोधक. ते स्वच्छ, पारदर्शक असेल तर जिवाणू मेले आहेत: हे नुसते विष. या दोन कड्यांतला फरक ज्याला कळला, त्याला या विषयाचा गाभा कळला.

याच जिवाणूवर प्रिन्स्टन विद्यापीठात बॉनी बॅस्लर यांच्या गटाने क्लोरोलॅक्टोन नावाचा रेणू वापरला. 2009 मध्ये त्यांनी दाखवले की जिवाणूने मरणारे सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हे सूक्ष्म कृमी या रेणूमुळे वाचतात. दोन वर्षांनी स्फटिकरचनेवरून त्याचे कारणही कळले. ग्राही प्रथिनाचे दोन भाग जोडीने डीएनए पकडतात आणि त्यासाठी त्यांच्या टोकांत साधारण 30 अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतर लागते. क्लोरोलॅक्टोन आत बसला की टोके दुप्पट लांब जातात आणि डीएनएवर पकड बसत नाही. सगळी रोधके असे करत नाहीत. काहींमुळे प्रथिनाची घडीच नीट बसत नाही.

निसर्गाने ही युक्ती आधीच वापरली आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे डेलिसिया पल्क्रा हे लाल शैवाल आपल्या अंगावर जिवाणूंचा थर साचू देत नाही, कारण ते ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोन रेणू तयार करते. त्यांची रचना जिवाणूंच्या संदेशरेणूशी मिळतीजुळती आहे, हे 1996 मध्ये पुढे आले. त्यावरून घडवलेल्या सी-30 या कृत्रिम फ्युरॅनोनने 2003 मध्ये उंदरांच्या फुफ्फुसांतले स्यूडोमोनास हटवायला मदत केली. पण फ्युरॅनोन फार क्रियाशील असतात, पेशींना अपायही करतात. म्हणून औषध म्हणून त्यांच्याकडे पाहणे कठीण.

ग्रॅम-धन स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा निरोप पेप्टाइडचा असतो. 7 ते 9 अमिनो आम्लांची ही साखळी थायोलॅक्टोन बंधाने वलयात वळलेली असते. या जिवाणूचे चार गट आहेत आणि बहुधा एका गटाचे पेप्टाइड दुसऱ्या गटाचा निरोप बंद पाडते. टॉम म्युअर आणि रिचर्ड नोविक यांच्या गटांनी 2000 मध्ये या चारांपैकी क्रमांक 2 च्या गटाच्या पेप्टाइडची शेपूट कापून टाकली. उरलेले वलय चारही गटांना रोखू लागले. मात्र एक अडचण आहे: या जिवाणूत निरोप बंद झाला की विष कमी होते, पण जैवपटल उलट वाढू शकते. कृत्रिम सांधा किंवा हृदयाची झडप बसवलेल्या रुग्णासाठी हा मोठाच धोका आहे.

जिवाणू मरत नाही म्हणून प्रतिरोधही येणार नाही, अशी मोठी आशा सुरुवातीला होती. ती जशीच्या तशी टिकली नाही. ज्या माध्यमात अन्न मिळवायलाच निरोप लागतो, अशा माध्यमात स्यूडोमोनास वाढवल्यावर सी-30 ला दाद न देणारे वाण निघाले; ते रेणू पेशीबाहेर पंपाने फेकत होते. हे 2012 मध्ये दिसून आले. तरी प्रतिरोधी वाणच तगून राहावेत असा प्रतिजैविकांइतका दाब इथे नसतो, हे मानायला जागा आहे. दुसरी अडचण रेणूच्या डोक्यातच आहे. लॅक्टोन वलय अल्कधर्मी द्रावणात उघडते आणि रेणू निकामी होतो. म्हणून ऑक्सिजनच्या जागी गंधक घालणे, किंवा वलयच बदलून टाकणे, असे प्रयत्न झाले. 2013 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने आणलेला मेटा-ब्रोमो-थायोलॅक्टोन याच वाटेचा. त्याने स्यूडोमोनासचे जैवपटल आणि पायोसायनिन हे विषारी रंगद्रव्य दोन्ही कमी झाले. या तत्त्वावर घडवलेले औषध रुग्णांच्या नेहमीच्या उपचारात अजून आलेले नाही.

कॉलऱ्याच्या जिवाणूबाबत तर रचनेची दिशाच उलटी आहे. व्हिब्रियो कॉलरी आतड्यात संख्या कमी असताना विष बनवतो; गर्दी झाली की ते बंद करून बाहेर पडायला निघतो. तिथे निरोप अडवला तर रोग बळावेल. म्हणून त्याच्या सीएआय-1 या संदेशरेणूची रचना 2007 मध्ये कळल्यावर शोध सुरू झाला तो त्याच्यासारखे चालक रेणू घडवण्याचा, म्हणजे जिवाणूला गर्दी झाली असे वेळेआधीच वाटावे यासाठी.