गळणारी लाळ आणि घशात तटलेला चिकटा

मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार) झालेल्या माणसाच्या घरचे डॉक्टरांना सांगतात, "तोंडात फार साठतं हो." या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एक म्हणजे पाण्यासारखी लाळ ओठांच्या कोपऱ्यातून गळत राहणं. दुसरी म्हणजे घट्ट, चिवट चिकटा घशाशी तटून बसणं. पहिलीवरचं औषध दुसरी वाढवतं. म्हणूनच हा फरक घरच्यांना ओळखता यावा असं मला मनापासून वाटतं. चोवीस तास जवळ तेच असतात.

लाळ गळते म्हणजे ती जास्त तयार होते, हा गैरसमज आधी काढून टाकू. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती नकळत गिळली जाते. या आजारात जीभ, ओठ आणि घशाचे स्नायू दुबळे होतात. गिळणं मंदावतं, मान पुढे कलते आणि लाळ बाहेर येते. छातीवरचा नॅपकिन बघता बघता ओलाचिंब होतो, हनुवटीची कातडी लाल होते. हे चारचौघांत दिसतं, म्हणून बरेच जण माणसांत बसणंच सोडतात. ते दुःख लहान नाही.

चिकटा बाहेरून दिसत नाही. नॅपकिन कोरडा असतो, पण माणूस सारखा खाकरायला बघतो, घसा घरघरतो, रात्री गुदमरल्यासारखं होऊन जाग येते. बॅटरी धरून तोंडात पाहिलं तर टाळू आणि जिभेच्या मध्ये दोऱ्यासारख्या तारा ताणलेल्या दिसतात. पुसायला गेलं तर तार तुटत नाही, लांबत जाते. ठसक्याच्या धास्तीने पाणी कमी प्यायलं जातं, श्वास उघड्या तोंडाने चालतो, बायपॅपच्या (मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या) हवेने तोंड सुकतं, आणि खोकल्यातला जोर गेल्यामुळे कफ वर येत नाही.

लाळेचा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेकडे, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय काम करणाऱ्या मज्जांच्या जाळ्याकडे असतो. जेवणाच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं आणि घाबरलं की घशाला कोरड पडते, ती याच संस्थेची कामं. पाणी सोडणाऱ्या चेतांचा निरोप अडवणारी औषधं लाळ कमी करतात: अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ग्लायकोपायरोलेट, हायोसिनचा पॅच, जिभेखाली अ‍ॅट्रोपिनचे थेंब. त्यांनी भागलं नाही तर तज्ज्ञ लाळग्रंथींत बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात. पातळ लाळेला हे सगळं ठीक. चिकट्यावर हीच औषधं दिली तर उरलंसुरलं पाणीही आटतं आणि चिकटा डिंकासारखा होतो.

त्यामुळे चिकटा दिसला की पहिला प्रश्न असा: लाळेचं कुठलं औषध चालू आहे का? डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा, आपल्या मनाने बंद करायचा नाही. मग पोटात पुरेसं पाणी (गिळता येत नसेल तर नळीतून), हवेत ओलावा, सलाइनचं नेब्युलायझर (मिठाच्या पाण्याची वाफेसारखी फवार श्वासातून देणारं यंत्र), कार्बोसिस्टीन (कफ पातळ करणारं औषध), खोकायला मदत करणारं यंत्र आणि तोंडाची नीट स्वच्छता. सक्शन मशीन दोन्हींत कामी येतं, पण पातळ लाळ सहज ओढली जाते. चिकटा आधी ओला करावा लागतो.

लाळ आटवणारी औषधं आतड्यांनाही मंदावतात, आणि हे वेळेवर कुणी सांगत नाही. पोटाचे स्नायू दुबळे झाल्याने कुंथता येत नाही, हालचाल आणि पाणी आधीच कमी. त्यात हे औषध आलं की बद्धकोष्ठता होते. मग एक दिवस पातळ शौचाला होते आणि घरचे जुलाब समजून ते थांबवायची गोळी देतात. पुष्कळदा आत घट्ट खडा अडलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत असतो. आधीचे चार दिवस पोट साफ झालं नसेल तर ती गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. लघवी अडणं आणि गोंधळल्यासारखं वागणं हेही या औषधांनी होऊ शकतं.

एकाच माणसाला दोन्ही त्रास असणं तर नेहमीचंच: दिवसा गळतं, पहाटे तटतं. तीन-चार दिवस कागदावर टिपून ठेवा. नॅपकिन किती वेळा बदलला, खाकरणं कधी वाढलं, औषध किती वाजता दिलं, पाणी किती गेलं, शौचाला कधी झाली. त्या कागदावरून डॉक्टरांना औषधाची वेळ आणि मात्रा बदलता येते.